कंपनीची बोली कोणाच्या घरची?

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेला रस्ता महाराष्ट्राची हद्द ओलांडून सौंसरच्या मुलखात शिरतो, तेव्हा राज्य बदलल्याचे प्रवाशाच्या डोळ्यांना पाट्यांवरून कळते. कानांना मात्र ते कळत नाही. वावरात, बाजारात, देवळाच्या पायरीवर तीच नागपुरी वळणाची मराठी ऐकू येते. ह्याच मुलखात, अर्धनारीश्वराच्या देवस्थानासाठी पंचक्रोशीत ठाऊक असलेले मोहगाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा त्यातील मराठी बोलणाऱ्या सौंसर आणि पांढुर्णा ह्या भागांसह मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली ह्या दोन भागांच्या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंदूरच्या मराठी माणसाला मोहगाव दूरचे वाटेल. पण राज्य एकच, आणि घरात एक भाषा व कचेरीत दुसरी हा संसारही एकच.

मोहगावच्या मुलाच्या वाट्याला हा संसार जरा जास्तच विस्तारलेला येतो. घरी तो मराठी बोलतो. शाळेत आणि तहसिलीत हिंदी. हद्दीपलीकडच्या नातेवाइकाच्या शेताचा कागद म्हणजे सातबारा आणि तो देणारा तलाठी. ह्याच्या शेताचा कागद म्हणजे खसरा आणि तो देणारा पटवारी. माती एक, पीक एक, संत्र्याचा बहारही एक. कचेरीची भाषा तेवढी दोन. पुढे कॉलेजात इंग्रजी येते. इतक्या तीन भाषा पार केल्यावर तो नोकरीला लागतो. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत १९९१ पासून रेमंडची कापड गिरणी आहे. नागपूरला मिहानमध्ये संगणकाच्या कंपन्या आहेत. त्याहून पुढे पुणे आहे, बंगळूर आहे. आणि तेथे पहिल्याच आठवड्यात साहेबाचा निरोप येतो : ‘प्लीज अलाइन विथ द स्टेकहोल्डर्स अँड रिव्हर्ट बाय ई.ओ.डी.’

मुलगा शब्दकोश उघडतो. ‘रिव्हर्ट’ म्हणजे मूळ स्थितीला परत जाणे, असे तेथे दिलेले असते. परत कोठे जावयाचे? ‘अलाइन’ म्हणजे एका रेषेत आणणे. कोणाला? त्याच्या शेजारी बसलेला, वडील-आजोबा नोकरीतच मुरलेल्या घरातला मुलगा मात्र निरोप वाचतो, तिघांना फोन करतो, त्यांचे म्हणणे विचारतो आणि संध्याकाळच्या आत दोन ओळींचे उत्तर पाठवून मोकळा होतो. पहिल्याला वाटते, आपली बुद्धी कमी पडली. खरे म्हणजे कमी पडले ते घरातले वळण. आजच्या लेखाचा विषय तोच आहे.

आडनावांत बसलेली कचेरी

कचेरीची म्हणून एक निराळी भाषा असते आणि ती ज्यांना येते त्यांची भाकरी सोपी होते, हे आपल्याला नवीन नाही. आपल्या घरांच्या दारांवरच्या पाट्या वाचा : चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस. ह्यांच्या शेवटचा ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस म्हणजे तर फारसी पत्रव्यवहार लिहिणारा; ज्याचे भांडवलच दुसऱ्याची दरबारी भाषा जाणणे हे होते असा माणूस. मुजुमदार, दफ्तरदार ही आडनावेही कामाचीच. आजच्या कंपनीत माणसाच्या नावाखाली जसा ‘असोसिएट मॅनेजर’ हा हुद्दा छापतात, तसाच तो हुद्दा आमच्या पूर्वजांच्या नावापुढे लागला आणि मग वंशाला चिकटून राहिला.

मोहगावच्या नावापुढे लावला जाणारा ‘हवेली’ हा शब्दही असाच दोन अर्थांचा. घरगुती भाषेत हवेली म्हणजे मोठा वाडा; जुन्या महसुली दफ्तरात मात्र ठाण्यालगतचा, सरकारच्या थेट वहिवाटीतला मुलूख. पुण्याचा हवेली तालुका ह्याच अर्थाचा. शब्द सगळ्यांचा, पण कचेरीतला अर्थ कचेरीतल्यांनाच ठाऊक. हे लक्षण आजच्या कंपनीच्या बोलीलाही तंतोतंत लागू पडते.

ह्या अडचणीवर उपायही आपल्याकडे जुनेच झाले आहेत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला. रघुनाथपंत हणमंते ह्यांच्या देखरेखीखाली धुंडिराज व्यासांनी तो सिद्ध केला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ प्रसिद्ध करविला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत आदी भाषांतले पर्याय त्यात शेजारी शेजारी मांडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली पदनाम कोश निघाला, आणि आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची मनमुराद थट्टा केली. थट्टा झाली हे खरे. पण लिपिक, संचालक, जिल्हाधिकारी असे शब्द आज कोणाच्या कानाला खटकत नाहीत हेही तितकेच खरे.

ह्या तीन प्रयत्नांतून घेण्यासारखी गोष्ट एकच. फारसी शब्द सगळे गेले नाहीत. तारीख, हुकूम, अर्ज, वसूल आजही आहेत. ज्या शब्दाने काम भागते तो टिकतो, मग तो कोठलाही असो. परंतु राज्यकर्त्यांना एवढे उमगले होते की कचेरीची भाषा चार घरांची वतनदारी होऊन बसली तर कारभार चार घरांचाच होतो. कोश काढणे म्हणजे त्या वतनाची किल्ली चव्हाट्यावर टांगणे. आजच्या कंपनीच्या बोलीची अशी किल्ली अजून कोणी टांगलेली नाही.

आवळणारे शब्द आणि सैल करणारे शब्द

ह्या बोलीची सरसकट हेटाळणी करणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. धंद्याच्या शब्दांत दोन जाती असतात. एक जात अर्थ आवळून धरते. सौंसरवरून नॅरोगेजची गाडी धावत असे त्या काळी स्टेशन मास्तरांचा ‘लाइन क्लियर’ हा असा शब्द होता. पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ मोकळा आहे, ह्याहून एक रेसभर जास्त किंवा कमी अर्थ त्यात नव्हता. असता तर गाड्या एकमेकींवर आदळल्या असत्या. गिरणीत, कारखान्यात आज चालणारे पुष्कळ शब्द ह्याच जातीचे. ‘लीड टाइम’ म्हणजे मागणी नोंदल्यापासून माल हाती येईपर्यंतचा अवधी. जपानी ‘कायझेन’ म्हणजे कामात रोज थोडी थोडी सुधारणा. १९८६ साली मोटोरोला कंपनीतून निघालेला ‘सिक्स सिग्मा’ म्हणजे मालातले दोष मोजून मोजून कमी करीत नेण्याची पद्धत. हे शब्द मुलाने अवश्य शिकावेत, शंभर वेळा वापरावेत. त्यांना मराठी पर्याय नाही म्हणून ओशाळण्याचे कारण नाही.

दुसरी जात अर्थ सैल करते. ‘सिनर्जी’, ‘व्हॅल्यू अ‍ॅड’, ‘होलिस्टिक’, ‘नेक्स्ट लेव्हल’. मूळ ग्रीक शब्दाने ‘सिनर्जी’ म्हणजे मिळून काम करणे. दोन खाती मिळून काय काम करणार आहेत हे सांगितले तर त्या शब्दाला वजन आहे. न सांगता तो उच्चारला तर तो नुसता धूर. परीक्षा सोपी आहे. शब्द काढून टाकला तर वाक्यातून काही गेले का? गेले असेल तर तो आवळणारा. नसेल गेले तर सैल.

गंमत अशी की ह्या बोलीतले कितीतरी शब्द मूळचे साध्या कष्टकऱ्यांचे आहेत. ‘टच बेस’ आणि ‘बॉलपार्क फिगर’ अमेरिकेच्या बेसबॉलच्या मैदानातून आले. ‘बँडविड्थ’ बिनतारी संदेशाच्या शास्त्रातून. ‘डेडलाइन’चा जन्म तर अंगावर काटा आणणारा आहे : अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात आखलेली ती रेषा होती, कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालावयाची. आता तेथे अहवाल द्यावयाचा असतो, एवढाच फरक.

आणि काही शब्द तर थेट मोहगावच्या शिवारातले वाटावेत. कंपन्या म्हणतात, ‘सायलो’ तोडा. सायलो म्हणजे धान्य साठवण्याची कोठी, आपली कणगीच म्हणा ना. प्रत्येक खात्याने आपले धान्य आपल्या कणगीत कोंडून ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा शब्द ‘लो हँगिंग फ्रूट’, म्हणजे हाताशी लोंबणारे फळ. सोपे काम आधी उरकून घ्या. सभागृहात बसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांनी फळबाग चित्रातच पाहिलेली असेल. दहावा जर संत्र्याच्या बागेतून आलेला असेल तर त्याला ह्या शब्दाचा अर्थ त्या नऊ जणांहून अधिक कळावयास हवा. जमिनीला टेकलेल्या फांदीचे फळ तोडावयास सोपे खरे, पण पावसाळ्यात सड लागते ती आधी त्यालाच. म्हणूनच कास्तकार फांदीला टेकू देतो. हाताशी आलेले सोपे काम दर वेळी पक्के असतेच असे नाही, ही गोष्ट त्या सभेत मोहगावच्या मुलाने सांगितली तर ऐकणारे चकित होतील. पण ती सांगण्यासाठी आधी त्याला हे समजले पाहिजे की ते लोक बोलत आहेत ते त्याच्याच बागेविषयी.

ज्या शब्दांची किंमत रुपयांत मोजावी लागते

येथवर झाले ते कामाच्या गप्पांचे शब्द. ते न कळल्याने माणूस फार तर संकोचतो. काही शब्द मात्र असे आहेत की ते न कळल्यास खिसा रिकामा होतो.

पहिला शब्द ‘सी.टी.सी.’. कंपनीला त्या माणसावर वर्षभरात एकूण जो खर्च येतो तो. मुलगा घरी फोन करून सांगतो, तीन लाख साठ हजारांची नोकरी लागली. वडील बारांनी भागतात : महिना तीस हजार. त्या हिशेबावर शहरातली खोली ठरते, धाकटीच्या शिक्षणाचे बेत होतात. आता उदाहरणादाखल हा आकडा उकलून पाहू. समजा, मूळ वेतन महिना पंधरा हजार आहे. कंपनी आपल्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, त्याच्या १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ह्यातच धरते. ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२० रुपये, धरते. आणि ती ग्रॅच्युइटी कायम नोकराच्या हाती यावयाची तर साधारणतः सलग पाच वर्षे नोकरी व्हावी लागते. वर्षाअखेरी, काम पसंत पडल्यास द्यावयाचे ‘व्हेरिएबल पे’ समजा ३६,००० रुपये. म्हणजे महिना ३,०००. हे सारे वजा जाता उरले सुमारे २४,५००. त्यातून मुलाच्या स्वतःच्या वाट्याचे निधीचे १,८०० गेले. हाती येणार साडेबावीस हजारांच्या आसपास; व्यवसाय कर असल्यास तो निराळाच. ह्यात कंपनीने कोणाला फसविले असे नाही, आणि निधीचा पैसा काही बुडत नाही. पण तीस हजारांवर बेतलेला संसार साडेबावीस हजारांत बसत नाही. तीन अक्षरांचा अर्थ आधी विचारला असता तर बेतच निराळा झाला असता.

दुसरा शब्द ‘नोटिस पिरियड’. तो तीस दिवसांचा असतो, साठांचा असतो, नव्वदांचाही असतो. दुसरी नोकरी ‘ताबडतोब या’ म्हणते आणि पहिली नव्वद दिवस सोडत नाही, अशा कात्रीत सापडण्यापूर्वी तो आकडा नेमणुकीच्या पत्रात वाचून ठेवावा. तिसरा शब्द ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’. नावावरून तो शिकवणीवर्गासारखा गोड वाटतो. कधी कधी तसा असतोही; पण पुष्कळदा ती नोकरी जाण्याची पहिली घंटा असते. पत्र हाती पडताच काय सुधारावयाचे, किती दिवसांत, आणि ते मोजणार कोण, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

आणि मग नोकरीवरून काढण्याचे शब्द. ‘राइटसायझिंग’, ‘रिस्ट्रक्चरिंग’, ‘लेट गो’. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मराठीत त्याला एकच सरळ वाक्य आहे : कामावरून कमी केले. इतक्या स्पष्ट गोष्टीला जेथे इतकी मऊ दुलई पांघरावी लागते, तेथे दुलईखाली काय आहे ते चाचपून पाहावे. ‘आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्यही त्याच कापसाचे. कुटुंबातून कोणाला नोटिस देता येत नाही, हा फरक ध्यानात असू द्यावा.

शिकावे कसे, वापरावे कसे

ह्या बोलीचे वर्ग नाहीत. ती ऐकून, टिपून, विचारून शिकावी लागते. जुने चिटणीस मोडी मायने जसे उतरवून ठेवीत तशी दोन रकान्यांची एक वही करावी. एका रकान्यात ऐकलेला शब्द. दुसऱ्यात, तो उच्चारल्यावर प्रत्यक्षात काय घडले. ‘लेट अस टेक इट ऑफलाइन’ असे साहेब म्हणाले आणि पुढे तो विषय कधीच निघाला नाही, तर त्या साहेबांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘आता नको’ असा आहे. कोशातला अर्थ आणि कचेरीतला अर्थ ह्यांतले अंतर ह्या वहीनेच कळते.

दुसरी गोष्ट विचारण्याची. ‘मला समजले नाही’ म्हणण्याची लाज वाटते, तर ‘मी असे समजलो की गुरुवारपर्यंत आकडे मी द्यावयाचे, बरोबर ना?’ असे म्हणावे. ह्यात अज्ञान दिसत नाही, काळजी दिसते. शिवाय पुष्कळदा असे आढळते की तो शब्द फेकणाऱ्यालाही आपल्याला नेमके काय हवे ते ह्या प्रश्नानंतरच उमगते.

तिसरी गोष्ट स्वतः लिहिताना सांभाळण्याची. १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स ह्यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांचा पुरस्कार करणारे ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले. ज्यांची भाषा आपण उसनी घेतो, त्यांच्याच घरात ह्या फुगवट्याविरुद्ध केव्हापासून कुरबुर चालू आहे, हे मोहगावच्या मुलाला कळले तर त्याचे अर्धे दडपण उतरेल. ‘पुढील आठवड्यात टच बेस करून डिलिव्हरेबल्सवर अलाइन होऊ’ ह्यापेक्षा ‘मंगळवारी अकरा वाजता भेटू, मसुदा मी आणतो, आकडे तुम्ही आणा’ हे इंग्रजीत लिहावयास सोपे आणि कामास चोख. कोणी, काय, केव्हा : ही तीन उत्तरे ज्या पत्रात आहेत ते पत्र चांगले. उत्तर द्या ह्या अर्थी ‘रिव्हर्ट’, ‘डू द नीडफुल’, अलीकडच्या तारखेस आणण्याला ‘प्रीपोन’ हे प्रयोग हिंदुस्थानी कचेऱ्यांत रुळलेले आहेत. ते येथे खुशाल चालावेत, परदेशी माणसाला लिहिताना मात्र साधा शब्द घालावा, नाहीतर तो गोंधळतो.

आणि शेवटची कसोटी घरची. दिवसभरात काय केले ते आईला मराठीत सांगता आले पाहिजे. सांगता आले तर काम समजले. न आले तर शब्द तेवढे पाठ झाले. ही कसोटी मोहगावच्या मुलाला, त्याच्या बहिणीला, आणि खरे म्हणजे त्यांच्या साहेबालाही लावून पाहण्यासारखी आहे.

ज्यांच्या घरी ही भाषा आहे त्यांना

आता थोडे आपल्याविषयी. होळकरशाहीत, शिंदेशाहीत, गायकवाडीत ज्यांची घरे स्थिरावली त्यांना कचेरीची भाषा दुधाबरोबर मिळाली. फारसी होती तेव्हा फारसी, इंग्रजी आली तेव्हा इंग्रजी, आता कंपनीची. आपल्या मुलामुलींना नेमणुकीचे पत्र आले की जेवणाच्या पानावरच त्याची चिकित्सा होते : नोटिस किती दिवसांची, हाती किती, बढतीची वाट कोणती. आपण तिला शिकवणी म्हणत नाही, गप्पा म्हणतो. पण जेथे पिढ्यान् पिढ्या कास्तकारी झाली, पत्र घेऊन येणारा मुलगा घरातला पहिलाच, तेथे ह्या गप्पा मारावयास कोणी नसते. त्याच्या घरी दुसऱ्या विद्या आहेत. बहार कधी धरावा, पाणी कधी तोडावे, व्यापाऱ्याशी बाग ठरविताना शब्द किती तोलून टाकावा, हे तेथे जेवणाच्या पानावर चालते. नेमणुकीचे पत्र तेवढे चालत नाही.

येथील महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्थांनी, निवृत्त झालेल्या बँकवाल्यांनी, कंपन्यांतून उच्चपदस्थ म्हणून परतलेल्या गृहस्थांनी आणि भगिनींनी ह्यात लक्ष घातले तर काम अवघड नाही. शंभर शब्दांची एक लहान पुस्तिका : शब्द, कचेरीतला अर्थ, आणि साध्या मराठीत एक वाक्य. शेवटी एक नमुन्याचे नेमणूक पत्र, ओळीओळीचा खुलासा करून. सौंसर-पांढुर्ण्याच्या कॉलेजांत वर्षातून एक दिवस ते पत्र मोठ्याने वाचावे आणि मुलांना हवे ते विचारू द्यावे. सयाजीरावांच्या कल्पतरूपुढे हे रोपटेच, पण एखादा मुलगा सही करण्यापूर्वी पत्र पुन्हा वाचील आणि वडिलांना सांगील, ‘बाबा, तीस नाही, साडेबावीस हातात येतील, खोली त्या हिशेबानं पाहतो.’ एवढे झाले तरी पुष्कळ.